पाण्याचा कानोसा

एमआरआयच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसांजवळ बहुधा दुसऱ्याचे दागिने असतात. परवा दुपारी आत्याला घेऊन गेलो तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदाच नजरेत भरली. समोरच्या गृहस्थांच्या हातरुमालात पाटल्या आणि जोडवी होती, त्यांच्या शेजारच्या मुलाच्या मुठीत कुणाच्या तरी कुड्या होत्या. "आजी, अंगावर धातूचं काही ठेवू नका," असे तिथल्या मुलीने सांगितल्यावर आत्याने पिशवीतून घरूनच आणलेला काळा दोरा काढला, तो गळ्यात बांधला, गाठ नीट बसल्याची खात्री केली आणि मगच मंगळसूत्र माझ्या हातावर ठेवले. आतले यंत्र म्हणजे एक भला मोठा लोहचुंबक असला तरी सोने त्याला चिकटत नाही, हे सांगण्याचा मोह मला झाला होता. परंतु त्या खोलीतल्या लहरींनी अंगावरचा कोणताही धातू तापू शकतो आणि चित्रही बिघडते, हे तितकेच खरे असल्यामुळे मी गप्प राहिलो.

लोहचुंबकाशी माझी ओळख एका मोडक्या रेडिओच्या स्पीकरमुळे झाली. त्यातला वाटोळा, जड चुंबक दोरीला बांधून नदीच्या वाळूतून ओढत नेला की त्याला काळे कण दाट लगडत. ते खरवडून काडेपेटीत साठवण्याचा आम्हा मुलांना नाद होता, आणि भरलेल्या काडेपेटीचे पुढे काय करायचे ते मात्र कोणालाच ठाऊक नसे. चुंबकाला लोखंडाखेरीज काही कळत नाही, असा त्या वयात झालेला समज पुढे बरीच वर्षे टिकला. आत्याच्या कमरेत लोखंड नव्हते; तिथे चुंबकाला पाण्याशी काम होते.

पाण्याच्या आणि चरबीच्या रेणूंत हायड्रोजनचे अणू असतात आणि त्यांच्या केंद्रातला प्रोटॉन हा स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. एरवी हे चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. दीड टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून सुमारे ३०,००० पट प्रबळ क्षेत्रात माणसाला निजवले की क्षेत्राच्या दिशेने वळलेल्यांचे पारडे किंचित जड होते, तेही दहा लाखांमागे पाचेक प्रोटॉनांनी. पण अंगात पाणीच इतके असते की तेवढ्यावर काम भागते. कललेला भोवरा फिरता फिरता जशी सावकाश गिरकी घेतो तशी गिरकी हे प्रोटॉन घेत असतात, फक्त सेकंदाला सुमारे सहा कोटी चाळीस लाख वेळा. नेमक्या त्याच वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडल्या की ते ढळतात, आणि लहरी थांबवल्यावर पूर्वस्थितीला येताना स्वतःच एक क्षीण संदेश देऊ लागतात. चरबीतले लवकर सावरतात, मोकळ्या पाण्यातले रेंगाळतात, आणि सूज किंवा गाठ असलेल्या जागचे बहुधा आपल्या निरोगी शेजाऱ्यांहून निराळा वेळ घेतात. चित्रातला काळ्या-पांढऱ्याचा बराचसा खेळ या सावरण्याच्या वेळांतून उभा राहतो. क्ष-किरणांचा यात संबंध नाही. यंत्र अंगातल्या पाण्याचा कानोसा घेत असते.

हा कानोसा पहिल्यांदा घेतला तो आजारी माणसांसाठी नव्हे. एडवर्ड पर्सेल आणि फेलिक्स ब्लॉख या भौतिकशास्त्रज्ञांच्या दोन वेगळ्या गटांनी १९४६ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले, पर्सेलच्या गटाने पॅराफिन मेणावर आणि ब्लॉखच्या गटाने पाण्यावर. १९५२ साली दोघांना नोबेल मिळाले. त्या वेळच्या भाषणात पर्सेलने एक आठवण सांगितली आहे: त्या पहिल्या प्रयोगांच्या हिवाळ्यात दाराशी साचलेल्या बर्फाकडे तो नव्या नजरेने पाहू लागला, कारण त्या ढिगातले असंख्य प्रोटॉन पृथ्वीच्या क्षेत्रात मुकाट्याने गिरक्या घेत आहेत हे आता त्याला ठाऊक होते. एमआरआयच्या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या माठातले प्रोटॉनही त्याच हिशेबाने सेकंदाला दीड-दोन हजार गिरक्या घेत असणार. माठाकडे तसे पाहण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. पण मला तहान तेवढी लागली.

संदेश शरीराच्या कोणत्या भागातून आला हे कळल्याशिवाय चित्र होत नाही, आणि तो तिढा पॉल लॉटरबर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने सोडवला. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखे ठेवण्याची तोवर धडपड चाललेली असताना त्याने ते मुद्दाम एका बाजूकडून दुसरीकडे उतरते केले, म्हणजे जागेगणिक गिरकीचा वेग बदलतो आणि वेगावरून जागा ओळखता येते. पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र असलेला त्याचा लेख 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकाने आधी परत पाठवला आणि मग १९७३ साली छापला. पुढे त्याने एका जिवंत तिसरीचे, म्हणजे शिंपल्यातल्या प्राण्याचे, चित्र काढले. मासळीच्या बाजारात पसाभर मिळणाऱ्या प्राण्याला हा मान मिळाला याचे मला अजून नवल वाटते. माणसाचे अख्खे धड मावेल असे यंत्र रेमंड डमेडियन या अमेरिकन डॉक्टरने बांधले आणि १९७७ सालच्या जुलैत एका सहकाऱ्याच्या छातीचा एक छेद जवळजवळ पाच तासांत मिळवला. २००३ चे नोबेल मात्र लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले. डमेडियनने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. त्याचा संताप मला समजतो, जाहिराती नाही.

दाराबाहेर ऐकू येणारा तो ठोकठोकाट या उतरत्या क्षेत्रापायीच होतो. प्रबळ क्षेत्रात ठेवलेल्या वेटोळ्यांतून वीज झटपट उलटसुलट केली की ती हादरतात, आणि आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. मुख्य चुंबक मात्र अबोल असतो आणि रात्रीही बंद होत नाही. त्याची तार द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडवलेली असते, त्यामुळे तिच्यातली वीज विनाअडथळा फिरत राहते. या हेलियमचे आपल्याकडे फार कौतुक आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात भारतात जमलेल्या निरीक्षकांना सूर्याच्या ज्वालांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची खूण, दिसली, आणि विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवून नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने हेलियम इथेच शोधला असे सांगितले जाते. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता आणि ती रेषा त्याने ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहणाची वाट न पाहता पाहिली. तरी हे विजयदुर्गावर उभे राहून बोलण्याचे धाडस मी करणार नाही.

या यंत्राने मेंदू, मज्जारज्जू, गुडघ्याचे स्नायुबंध आणि मणक्यांमधल्या चकत्या न कापता दाखवल्या, हे उपकार मोठे आहेत. पण ते मागितल्यापेक्षा जास्त दाखवते. कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा अभ्यास अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांत निदान एक तरी चकती फुगलेली निघाली. तेव्हापासून अहवालातल्या 'बल्ज' या शब्दाने घाबरलेल्या नातेवाइकांना मी ही माहिती देत असतो, आणि ती त्यांना आवडत नाही. एवढे पैसे मोजल्यावर काहीतरी निघायलाच हवे, असे आपल्याकडे ठाम मत आहे.

जिथे घाबरायला हवे तिथे मात्र हे यंत्र घड्याळाचे काम करते. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली की काही मिनिटांत तिथल्या पेशी फुगतात, आणि त्यांच्याभोवती मोकळे भटकणाऱ्या पाण्याची वाट अडते. एका प्रकारच्या चित्रात ती जागा लगेच पांढरी दिसते. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तीच जागा उजळायला काही तास लागतात. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि झटका झोपेत आला असेल तर ते तास कधी सुरू झाले हे कोण सांगणार? पहिल्या चित्रात डाग आहे आणि दुसऱ्यात अजून नाही, एवढ्यावरून वेळ शिल्लक असल्याचे ओळखता येते; अशा निवडलेल्या रुग्णांना औषधाचा फायदा होतो हे २०१८ साली एका चाचणीतून दिसून आले.

माझे आजोबा एका पहाटे उठले तेव्हा त्यांचा उजवा हात उठला नाही. पुढे ते पुष्कळ वर्षे जगले, डाव्या हाताने जेवत, आणि पंक्तीला बसायचे टाळत. गावच्या डॉक्टरांनी त्या सकाळी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की हे कधी झाले. तेव्हा हा प्रश्न घरच्यांनाच विचारता येत असे, आणि घरचे सगळे झोपलेले होते.