अकरा चालींची कॅसेट

मार्च 2013. न्यू जर्सीत, एडिसनमधल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात ताईंनी पिशवीतून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या वडिलांनी 1996 साली साताऱ्यात पदरचे पैसे घालून काढलेली. अकरा अभंग, चाली त्यांच्या स्वतःच्या. न्यू जर्सीतल्याच एका कंपनीने त्या न विचारता आपल्या अॅपवर चढवल्या होत्या आणि महिन्याची वर्गणी घेऊन लोकांना ऐकवत होती.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण. मिनेसोटातल्या एका आईने कझा या इंटरनेटवर गाणी वाटायच्या प्रोग्रामवरून 24 गाणी वाटली, म्हणून रेकॉर्ड कंपन्यांना तिने 2,22,000 डॉलर भरपाई द्यायची, आणि सर्वोच्च न्यायालयाने नुकतंच तिचं अपील ऐकायला नकार दिलेला. ताईंनी हिशेब करूनच आणला होता. गाण्यामागे 9,250, म्हणजे अकराचे लाखाच्या वर.

तो खटला मला पाठ होता. बाई तीच, गाणी तीच, पण जूरी तीन. 2007 मध्ये गाण्यामागे 9,250, 2009 मध्ये 80,000 आणि 2010 मध्ये 62,500. मधल्या काळात न्यायाधीश मायकेल डेव्हिस यांनी एकूण रक्कम 54,000 वर आणली, अपिलात पुन्हा पहिला आकडा आला. कंपन्यांना आपलं नेमकं नुकसान सिद्ध करावंच लागत नाही. कायदा एका कलाकृतीमागे 750 ते 30,000 डॉलर म्हणतो, जाणूनबुजून केलं असेल तर 1,50,000 पर्यंत. मध्ये कुठे थांबायचं ते जूरीने ठरवायचं. याला मी मोजमाप म्हणू शकत नाही.

मग मला तो प्रश्न विचारावा लागला. "वॉशिंग्टनच्या कॉपीराइट ऑफिसात नोंदणी केली होती?"

ताईंनी मान हलवली. कोण करणार होतं, 1996 मध्ये, साताऱ्यातून?

परदेशी कलाकृतीसाठी इथे नोंदणीशिवायही दावा लावता येतो. पण ही ठरीव भरपाई मागायची, तर चोरी सुरू होण्याआधी नोंदणी झालेली हवी. नाहीतर ती रक्कम नाही आणि वकिलाचा खर्चही नाही. उरतं ते प्रत्यक्ष नुकसान आणि कंपनीचा नफा, आणि तो नफा तिच्याच वह्यांतून उकरून काढायचा. मिळेल त्याहून खर्च जास्त होईल, हे मी स्पष्ट सांगितलं.

ताईंनी साताऱ्याला फोन लावला. काकांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वकीलबाई, चाल माझी आहे हे ते मानतात ना?"

"मानतात, काका."

"त्या बाईंनी गाणी वाटून किती कमावले?"

"काहीच नाही."

"आणि या कंपनीने?"

मी गप्प राहिले. इतकी वर्षं या कायद्यावर पोट भरते आहे, पण हे दोन प्रश्न असे शेजारी शेजारी कुणी ठेवले नव्हते.

कंपनीला पाठवायचं पत्र तिथेच लिहिलं, गाणी उतरवा आणि हिशेब द्या म्हणून. मग काका म्हणाले, नऊ नव्या चाली ध्वनिमुद्रित करून ठेवल्यात, अजून बाहेर काढलेल्या नाहीत. मी लगेच अर्ज उघडला. फी तेव्हा 35 डॉलर होती. साताऱ्यात रात्र झाली होती, ते एकेक नाव सांगत होते आणि मी टाइप करत होते. सहाव्या चालीला ते थांबले.

"इथे पखवाजवाल्याचंही नाव घाला. ती जागा त्याची आहे."