'नाही'ची जागा

१९८८ साली मी आपल्या शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी कला शाखेत आलो. तर्कशास्त्र घेतलेले आम्ही जेमतेम चौदा जण होतो. सर लाकडी पट्टी घेऊनच वर्गात यायचे. विरोध-चौकोन, म्हणजे चार प्रकारची विधानं चार कोपऱ्यांत मांडून त्यांचे एकमेकांशी संबंध दाखवणारी आकृती, त्यांनी कधी नुसत्या हाताने काढला नाही. बाजू पांढऱ्या खडूने, दोन्ही कर्ण तांबड्या. पट्टी सरकू नये म्हणून पुढच्या बाकावरच्या कुणाला तरी ती धरायला बोलवायचे. बहुतेक वेळा मलाच.

पुस्तकातला चौकोन 'सर्व' आणि 'काही' यांचा होता. तोच चौकोन 'आवश्यक' आणि 'शक्य' यांनाही लागू पडतो, हे परीक्षेला येणारं नव्हतं. सरांनी ते एका शनिवारी शाळा सुटल्यावर शिकवलं. वर डावीकडे 'असलंच पाहिजे', उजवीकडे 'असूच शकत नाही'. खाली डावीकडे 'असू शकतं', उजवीकडे 'नसू शकतं'. मग विचारलं, "आवश्यक आहे, हे खोडायचं तर काय म्हणाल?"

मी पट्टी धरूनच म्हणालो, "अशक्य आहे."

सरांनी माझ्या हातातली पट्टी घेतली, 'असलंच पाहिजे'पासून तिरकी खाली 'नसू शकतं'पर्यंत टेकवली आणि तांबडी रेघ ओढली. "हा व्याघात. या दोन टोकांपैकी एक खरं असतंच, आणि एकच असतं. वरची दोन टोकं मात्र एकदम खोटी ठरू शकतात. उद्या पाऊस पडलाच पाहिजे असं नाही, पडूच शकत नाही असंही नाही."

त्यानंतर त्यांनी चार कोपऱ्यांत चार लॅटिन शब्द लिहिले: अमाबिमुस, एदेन्तुली, इलिआचे, पुर्पुरेआ. मध्ययुगीन युरोपातली मुलं हे पाठ करायची. एका शब्दात चार स्वर, म्हणजे त्या कोपऱ्यातली एकाच अर्थाची चार वाक्यं. शेवटचा स्वर 'आवश्यक'च्या वाक्याचा. स्वर 'अ' असेल तर नकार कुठेच नाही. 'ए' असेल तर नकार आतल्या विधानाला, 'इ' असेल तर बाहेरच्या 'शक्य'ला किंवा 'आवश्यक'ला, 'उ' असेल तर दोन्हींना. आम्ही चौदा जणांनी ते शब्द पाढ्यासारखे म्हटले. एदेन्तुलीच्या शेवटी ई, म्हणून 'असणं आवश्यक नाही'. इलिआचेच्या शेवटी ए, म्हणून 'नसणं आवश्यक आहे'. 'नाही' एका शब्दावरून उठून दुसऱ्यावर बसला की वाक्य चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यातून थेट वर जातं, हे मला त्या दिवशी डोळ्यांना दिसलं. नुसत्या व्याख्येने ते कधीच दिसलं नसतं.

वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, शक्य म्हणजे होईलही आणि नाहीही ना? मग जे आवश्यक ते शक्य कसं?" सर इतके खूश झाले की खडू खाली ठेवून बाकावर बसलेच. याच ठिकाणी खुद्द ॲरिस्टॉटल अडखळला होता, म्हणाले. मग उठून चौकोनाच्या खाली आणि वर एकेक कोपरा वाढवला. खाली 'असू शकतं आणि नसूही शकतं', वर 'आवश्यक तरी किंवा अशक्य तरी'. रेघा जोडल्यावर रांगोळीत काढतो तसे एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण झाले. रोबेर ब्लांशे या फ्रेंच तत्त्वज्ञाचा हा षट्कोन, त्याचं पुस्तक १९६६चं. "तर्कशास्त्र घेणं तुम्हाला सक्तीचं होतं? नाही. मनाई होती? नाही. मग तुम्ही सगळे कुठे?" आम्ही खालच्या नव्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे त्यांनी लिहिलं, 'ऐच्छिक'.

पुढे मी भाषांतराच्या कामाला लागलो. नियमावल्या, करारनामे, पोटनियम. सुरुवातीच्या काळात एका संस्थेची नियमावली मराठीत केली. राजीनामा देणाऱ्या सभासदावर कारण सांगायचं बंधन नाही, असं मूळ कलम होतं. माझ्या हातून 'कारण देऊ नये' असं गेलं आणि तसंच छापलं गेलं. काही महिन्यांनी एका वृद्ध सभासदाने राजीनाम्यात पत्नीच्या आजारपणाचं कारण लिहिलं, तर कार्यालयाने नियमावर बोट ठेवून पत्र परत पाठवलं. ते पत्र मला दाखवलं गेलं. निळ्या शाईतलं थरथरतं अक्षर, आणि कारणाच्या ओळीखाली तांबडी रेघ.

त्या रात्री मी वहीत चौकोन काढला, पट्टी घेऊन. मूळ कलम एदेन्तुलीच्या कोपऱ्यातलं होतं. मी ते इलिआचेमध्ये नेऊन ठेवलं होतं. फळ्यासमोर केलेली चूक तीच नव्हती, पण तिच्या अगदी शेजारची होती. दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन चूक कबूल केली आणि शुद्धिपत्र लिहून दिलं. त्या गृहस्थांच्या घरीही जाऊन आलो.

नव्या छपाईत ते कलम असं आहे: 'राजीनामा देताना सभासदाने कारण देणे आवश्यक नाही.'