पॅलेडियमच्या नॅनोतारा आणि मे महिन्यातली परभणी

जड पाण्यात पॅलेडियम धातूची तार ठेवून करंट दिला की कमी ऊर्जेच्या अणुप्रक्रियांतून (‘कोल्ड फ्युजन’) जादा उष्णता मिळते हा दावा १९८९ चा. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या फेरतपासणीतही त्याला पुरावा मिळाला नाही. पण पॅलेडियमच्या प्रत्येक अणूमागे ०.९ च्या आसपास ड्युटेरियम (जड पाण्यातला जड हायड्रोजन) भरणं आणि ते टिकवणं किती अवघड आहे, हे तिथेही दिसलं. भरणं मोजता येतं, म्हणून काम तिथूनच सुरू करावं.

जाड तारेत ड्युटेरियम शिरलं की तिची जाळी आकारमानाने सुमारे १० टक्के फुगते, भेगा पडतात, आणि भरलेला वायू त्याच वाटेने निसटतो. तार ४० नॅनोमीटरची केली तर ताण जिरायला पृष्ठभाग जवळच असतो.

तारांसाठी साचा ऍल्युमिनियमचा. आम्लात करंट दिला (ऍनोडायझिंग) की पत्र्यावर बारीक छिद्रांचा ऑक्साइडचा थर येतो, त्या छिद्रांत तारा घडतात. ९९.९९९ टक्के शुद्ध पत्रा, ०.३ मोलर ऑक्झॅलिक आम्ल, ४० व्होल्ट डीसी, तापमान ० ते ५ अंश. छिद्रांमधलं अंतर साधारण १०० नॅनोमीटर येतं. पहिल्या खेपेची छिद्रं वेडीवाकडी असतात. तो थर ६ टक्के फॉस्फरिक आणि १.८ टक्के क्रोमिक आम्लाच्या मिश्रणात ६० अंशांवर विरघळवायचा आणि तेच ऍनोडायझिंग पुन्हा करायचं. (क्रोमिक आम्ल विषारी आहे, चुकूनही नालीत ओतू नका.) उरलेलं ऍल्युमिनियम काढायचं, छिद्रांचे बंद तळ ५ टक्के फॉस्फरिक आम्लाने उघडायचे, एका बाजूला सोन्याचा पातळ थर द्यायचा, मग पॅलेडियम क्लोराइडच्या द्रावणातून तारा भरायच्या.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच कोमट असतं, ते फिरवून आम्ल काही थंड होत नाही. दुहेरी भिंतीचं भांडं आणि बर्फ-मिठाचं पाणी लागतंच. आम्ल तापलं की करंट वाढतो, करंट वाढला की ते आणखी तापतं, आणि पत्रा काळा पडून जळतो. करंट चढताना दिसला की लगेच बंद करा.

लाइट गेली तर नुकसान याहून मोठं. पॅलेडियममधलं ड्युटेरियम करंटच्या जोरावर टिकतं. १ मिमी तार रिकामी व्हायला तास लागतात, नॅनोतार झरझर रिकामी होते. जितकं लवकर भरतं, तितकंच लवकर जातं. म्हणून यूपीएस आधी घ्या, जड पाणी नंतर. आणि जड पाण्याचं झाकण बंदच ठेवा. पावसाळी हवेतला ओलावा ते ओढून घेतं आणि साधा हायड्रोजन आत मिसळतो.

शेजारच्याच भांड्यात साध्या पाण्याचा तसाच प्रयोग, तोच करंट देऊन, त्याच वेळी चालू हवा. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक दोन्हींत सारखाच उमटतो, तो वजा करता येतो.