एका शब्दापायी चार महिने

वीज केंद्रातल्या बॉयलरच्या ड्रममधली (पाणी आणि वाफ वेगळी होते ती टाकी) पाण्याची पातळी कंट्रोल रूममधला अनुभवी डेस्क इंजिनीअर हाताने कशी सांभाळतो, याचं संगणकावर मॉडेल करणं हा माझा एमटेकचा विषय. तो लगेच मंजूर झाला. अडलं ते नागपुरातल्या एका कार्यालयात, या इंजिनीअरांचं काम बघण्याच्या परवानगीच्या अर्जावर.

अर्ज जानेवारीत दिला. दर सोमवारी बर्डीहून तिथं जायचं आणि ‘फाइल वर गेली आहे’ ऐकून परतायचं. मार्चमध्ये वर्षअखेरीचं कारण निघालं. एप्रिलच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून पुन्हा गेलो, तेव्हा टेबलावरच्या मॅडमनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. ‘कर्मचाऱ्यांच्या कामगिरीचं मोजमाप असं लिहिलंय तुम्ही. युनियन विचारेल ना! साहेब सही कशी करतील?’ हे जानेवारीतच कुणी सांगितलं असतं तर? आजही आठवलं की संताप होतो. त्याच रात्री अर्ज नव्यानं लिहिला: मूल्यमापन नाही, नावं नोंदवणार नाही, चालू युनिटवर नव्हे, प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरवर (कंट्रोल रूमची संगणकी नक्कल) बसू द्या. नऊ दिवसांत सही झाली. तुम्हीही ‘कामगिरी’ हा शब्द टाळा, आणि आवक क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

सिम्युलेटरवर लोड, म्हणजे विजेची मागणी, एकदम वाढवला की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढलेली दिसते. खरं तर तेव्हा येतं त्यापेक्षा जास्त पाणी वाफ होऊन जात असतं. मी फसलो, फीडवॉटर (ड्रममध्ये येणारं पाणी) कमी केलं आणि काही वेळात पातळी फार खाली जाऊन ट्रिप, म्हणजे युनिट आपोआप बंद. शेजारचे शिफ्टवाले काका हात न लावता वाफेचा आणि पाण्याचा फ्लो बघत बसले. ‘फुगलंय ते. थांब.’

माझं पहिलं मॉडेल पातळीतला फरक बघून लगेच दुरुस्ती करायचं, म्हणून तेही माझ्यासारखंच फसलं. माणूस यंत्रं कशी चालवतो याचे अभ्यासक रासमुसेन यांनी १९८३ मध्ये कौशल्य (सवयीनं), नियम (ठरलेल्या रीतीनं) आणि ज्ञान (विचार करून) असे वागण्याचे तीन स्तर मांडले. काका मिनिटाभरात या तिन्हींतून जात होते. वाफ आणि पाणी यांच्या फ्लोमधला फरक बघून पुढची पातळी ताडणं मॉडेलमध्ये घातलं, तेव्हा कुठे ते सावरलं.

हो, असा अभ्यास करणार असाल तर इंजिनीअरांना प्रश्न काम संपल्यावर विचारू नका, ‘सवयीनं केलं’ एवढंच उत्तर मिळतं. काम करता करताच बोलायला सांगा. त्याचं चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ सिम्युलेटरच्या घड्याळाशी आधी जुळवा. माझी पहिली बैठक त्यापायी वाया गेली.

सुधारलेल्या मॉडेलचा नवा आलेख काकांना दाखवला. एका जागी बोट ठेवून म्हणाले, ‘इथं मी अजून थोडं थांबलो असतो.’ सध्या तेवढीच दुरुस्ती चालू आहे.