चॉकलेट गुरामी लॉग: मादीने पिल्लं सोडली!

मंडळी, गणपतीनंतर अपडेट दिला नव्हता कारण पक्कं कळेपर्यंत काही लिहायचंच नव्हतं. आता लिहितो, माझ्या चॉकलेट गुरामी माशांच्या मोठ्या मादीने तोंडात सांभाळलेली पिल्लं बाहेर सोडलीत आणि ती साल्विनियाच्या (पाण्यावर तरंगणारी वनस्पती) मुळांमध्ये फिरतायत, खातायत, आणि मी कामावरून आलो की आधी टाकीसमोर जाऊन बसतो!

नवीन लोकांसाठी सेटअप थोडक्यात सांगतो. टाकी 24 बाय 15 बाय 12 इंच, म्हणजे साधारण 70 लिटर, एक स्पंज फिल्टर अगदी हळू हवेवर, तळाला बारीक वाळू, त्यावर बदामाच्या वाळक्या पानांचा जाड थर, लाकडावर जावा फर्न, वर साल्विनिया. बाकी एकही मासा नाही. फक्त स्फेरिक्थिस ऑस्फ्रोमेनॉइडेसचा, म्हणजे चॉकलेट गुरामीचाच, ग्रुप. हे मासे मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या) दलदलीतले, तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी, क्षार जवळपास नाहीतच, पीएच 4 ते 6 च्या आसपास. तिथल्या दलदली पाम तेलाच्या लागवडीसाठी कोरड्या करतायत आणि बाजारात येणारे बरेचसे चॉकलेट अजूनही जंगलातून पकडलेलेच असतात, म्हणून घरात पिल्लं निघणं मला एवढं महत्त्वाचं वाटतं.

खरं काम पाण्याचं आहे. आमच्या सोसायटीत कॉर्पोरेशन आणि बोअर मिक्स येतं, बोअर जास्त चालली की टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) चढतो, त्यामुळे नळाचं पाणी बादच, सगळं आरओ. पण किचनमधल्या आरओचं पाणी डायरेक्ट घेऊ नका, त्यात बहुतेक वेळा मिनरल कार्ट्रिज नाहीतर टीडीएस कंट्रोलर असतो, मेम्ब्रेननंतर लगेच पाइपला टी-जोड लावून तिथून पाणी काढा. माझं टाकीतलं टीडीएस 25 ते 35 मध्ये असतं. पीएच मीटर एवढ्या मऊ पाण्यात नीट स्थिर होत नाही, आकडा सरकत राहतो, त्यामुळे मी टीडीएस आणि माशांचं वागणं यावरच जास्त विसंबतो. आणि पीटच्या जागी कोकोपीट टाकायचा विचार कोणी करत असेल तर नको, ते नारळाच्या काथ्याचं असतं, त्यात क्षार असतात आणि पाणी तसं आम्लही होत नाही. बदामाची पानं मात्र आपल्याकडे फुकट आहेत, झाडाखाली आपोआप गळलेली तपकिरी पानं घ्यायची, रस्त्याच्या कडेची आणि फवारणी होते तिथली सोडून.

एक गोष्ट एक्स्पर्ट लोकांनीही लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. इतक्या कमी पीएचला नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) खूप मंदावतं, अमोनिया साचतो पण तो अमोनियमच्या रूपात असतो म्हणून मासे टिकतात, आणि अशा टाकीत कोणी घाईघाईने नळाचं पाणी ओतलं की पीएच चढतो, त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो आणि अख्खा ग्रुप जाऊ शकतो. म्हणून मी खायला कमी देतो आणि रोज एक मग पाणी काढून तेवढंच तयार पाणी घालतो, मोठा वॉटर चेंज नाहीच.

उन्हाळ्यात एप्रिल-मे जड गेला. पंखा लावला की पाणी थंड होतं पण झाकण उघडं ठेवावं लागतं, आणि हे लॅबिरिंथवाले मासे वर येऊन हवा घेतात, ती हवा उबदार दमट हवी, म्हणून पंखा नाही, टाकी खोलीच्या सगळ्यात गार कोपऱ्यात आणि दुपारी एसी. झाकण कायम घट्ट. पाऊस सुरू झाल्यावर मासे एकदम खुलले, रंग गडद तपकिरी लाल, पट्टे स्वच्छ पांढरट, नराच्या शेपटीची आणि खालच्या पराची फिकट कड स्पष्ट दिसायला लागली.

खाणं म्हणजे ग्रिंडल वर्म (बारीक पांढरे किडे), मोइना (पाण्यातले अगदी छोटे कवचधारी जीव), ताजा उबवलेला बेबी ब्राइन श्रिम्प. दुकानातले जिवंत ट्यूबिफेक्स किडे अजिबात नाही, चॉकलेटला बॅक्टेरिया फार लवकर पकडतात. वेल्व्हेट हा परजीवीचा रोगही तसाच, रात्री टॉर्च तिरका धरून अंगावर सोनेरी धूळ दिसते का बघत जा, आणि दिसली तरी तांब्याचं औषध आधी हातात घेऊ नका, मऊ आम्ल पाण्यात तांबं जास्तच विषारी होतं. नवीन मासा महिनाभर वेगळा ठेवणं हाच उपाय.

आता मुख्य भाग! या जातीत अंडी मादी तोंडात घेते, वैलांटी या जवळच्या जातीत हेच काम नर करतो. श्रावण संपता संपता मोठी मादी खायला येईना, कोपऱ्यात पानाखाली उभी, गळा खाली फुगलेला. एक ते तीन आठवडे ती अशी उपाशी राहू शकते हे माहीत असूनही जीव राहवत नव्हता, पण तिला जाळीत धरलं की अंडी थुंकते किंवा गिळते, म्हणून तिला हात लावला नाही, टाकीसमोर जाड कागद चिकटवला, लाइट अर्ध्यावर आणला आणि बाकीच्यांना दुसऱ्या टोकाला खायला देत राहिलो. मग एका सकाळी मुळांमध्ये काहीतरी हललं. नीट बघितलं तर पिल्लं, अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास, आणि पहिल्याच दिवशी बेबी ब्राइन श्रिम्पने पोटं केशरी!

मोठ्यांना वेगळं नाही केलं, पिल्लांनाच कपाने पाण्यासकट उचलून त्याच पाण्याच्या छोट्या टाकीत नेलंय, तिथेही पानं आणि साल्विनिया. दिवसातून थोडं थोडं चार वेळा खाणं, उरलेलं पिपेटने लगेच बाहेर. मादी आता परत खातेय, थोडी बारीक झालीये, तिला आराम मिळावा म्हणून नराला तूर्त जाळीच्या पार्टिशनमागे ठेवलंय.

पिल्लं इंचभर झाली की देणार आहे, पण ज्यांच्याकडे आरओचं पाणी, पानं आणि वेगळी टाकी आधीपासून चालू आहे त्यांनाच, त्यामुळे ज्यांना हवीत त्यांनी आत्ताच टाकी लावा आणि टीडीएसचे आकडे मला पाठवत राहा.