एफपीएम बाजूला ठेवलं: ए३२० च्या शेवटच्या पन्नास फुटांची नोंद

मागच्या नोंदीनंतर सिमवरचा (कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरवरचा) जवळपास सगळा वेळ एकाच गोष्टीत गेलाय: शेवटचे पन्नास फूट. विमान फ्लायबायवायर या गटाचं फुकट मिळणारं एअरबस ए३२०निओ, धावपट्टी मुंबईची २७ (म्हणजे दिशा २७० अंश), वजन ६० टनांच्या आसपास, फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा) फुल, ॲप्रोच स्पीड १३५ नॉटच्या आगेमागे. वारा मुद्दाम शून्य ठेवला, म्हणजे काही बिनसलं तर खापर फोडायला हवामान नको.

पहिला बदल म्हणजे लँडिंग रेट, म्हणजे टेकताना विमान मिनिटाला किती फुटांनी खाली येत होतं (एफपीएम), ते दाखवणारं टूल बंद केलं. तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर (धावपट्टीकडे उतरणाऱ्या वाटेवर) १४० नॉट ग्राउंडस्पीडला विमान मिनिटाला ७०० फुटांच्या थोडं वर दराने उतरत असतं. जास्तीत जास्त लँडिंग वजनाला गिअरने (चाकांच्या सांगाड्याने) सेकंदाला १० फूट, म्हणजे ६०० एफपीएमचा दणका सोसला पाहिजे, अशी प्रमाणपत्राची अटच आहे. त्यामुळे ६० एफपीएम की १८०, याने विमानाला काडीचा फरक पडत नाही. स्क्रीनशॉटला पडतो! शिवाय टूल नेमक्या कुठल्या फ्रेमचा आकडा उचलतं त्यावर निकाल बदलतो. एकाच लँडिंगचे दोन टूल दोन आकडे दाखवतात.

आता रिप्लेमध्ये एवढंच बघतो: चाकं टेकली कुठे, आणि टेकली तेव्हा स्पीड किती होता. त्यासाठी वेगळं काही लागत नाही, धावपट्टीवरच्या खुणा पुरतात. एवढ्या लांब धावपट्टीवर जाड पांढरे एमिंग पॉइंट पट्टे (उतरताना ज्यांवर नेम धरायचा ते) सुरुवातीपासून साधारण ४०० मीटरवर असतात, आणि टचडाउन झोनच्या खुणा दर १५० मीटरला. त्या मोजायच्या. १३५ नॉट म्हणजे सेकंदाला जवळपास ७० मीटर. ‘बटर’च्या, म्हणजे लोण्यासारखं अलगद टेकण्याच्या नादात तीन सेकंद जास्त तरंगलात की दोनशे मीटर धावपट्टी मागे गेली. मुंबईला ३,४४८ मीटर आहेत, खपून जातं. हेच पुण्याच्या २,५३५ मीटरवर करून बघा. खऱ्या जगात याची किंमत काय असते ते ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला दिसलं: पाऊस, पाठीमागून वारा, आणि ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर बोइंग ७३७ टेकलं ते ४,४३८ फुटांवर.

आता फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक थोडं उचलून उतरण्याचा वेग कमी करणं. ए३२० मध्ये एरवी स्टिक सोडली तरी विमान आहे तो मार्ग धरून राहतं. फ्लेअरला हे चालणार नाही, म्हणून एअरबसने वेगळा मोड दिलाय. ५० फुटांवर संगणक त्या क्षणीचा नाकाचा कोन लक्षात ठेवतो, आणि ३० फुटांपासून ८ सेकंदांत तो उणे २ अंशांपर्यंत आणायला लागतो. म्हणजे विमानच नाक खाली घालतं, आणि साध्या विमानासारखी स्टिक मागे ओढणं आपल्याला भाग पडतं. तुमच्या ॲड-ऑनमध्ये (सिममध्ये वेगळं घातलेल्या विमानात) हे आहे का, याची सोपी परीक्षा: ३० फुटांवर स्टिक पूर्ण सोडा. नाक हळूहळू झुकायला हवं. ढिम्म राहिलं तर त्या विमानावर शिकलेला फ्लेअर दुसरीकडे कामाला येणार नाही.

रेडिओ अल्टिमीटरचे (जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राचे) आवाज हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित इन्स्ट्रुमेंट आहे. ‘फिफ्टी, फोर्टी, थर्टी’ हे जेमतेम सेकंदाच्या अंतराने येतात. फ्लेअर लागू पडला असेल तर ‘ट्वेंटी’ आणि ‘टेन’मधलं अंतर कानाला लांबलेलं कळतं. नाही लांबलं तर दणका पक्का. फारच लांबलं तर तरंगणं सुरू, कारण पंखाच्या पसाऱ्याच्या निम्म्याहून खाली आलं की ग्राउंड इफेक्टने (जमिनीच्या जवळिकीने) ड्रॅग, म्हणजे हवेचा अवरोध, घटतो आणि विमान खाली बसायला तयार नसतं. तिथे स्टिक ओढत राहणं हा सगळ्यात वाईट उपाय. स्पीड घटतो, नाक चढतं, आणि ए३२१ असेल तर गिअर दबलेला असताना ९.७ अंशांना शेपूट घासते.

‘रिटार्ड’ (थ्रस्ट लीव्हर मागे घ्या) २० फुटांवर येतं. ती आठवण आहे, त्याची वाट बघत बसायचं नसतं. ऑटोथ्रस्ट चालू असताना लीव्हर मागे घेतले नाहीत तर तो इमानेइतबारे स्पीड राखत बसतो आणि तुम्ही तरंगत राहता.

टेकल्यावर विमान उसळतंय आणि ग्राउंड स्पॉयलर (पंखांवर उभ्या राहून त्यांची उचल मारणाऱ्या फळ्या) उघडतच नाहीत, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. आधी थ्रॉटल तपासा. स्पॉयलर आर्म (आपोआप उघडायला सज्ज) केलेले असले तरी लीव्हर आयडलला, म्हणजे किमान पॉवरवर, लागतात. स्वस्त थ्रॉटलचा पोटेन्शिओमीटर धुळीने खराब झाला की लीव्हर खाली टेकवूनही अ‍ॅक्सिस दोन-तीन टक्क्यांवर अडकतो. मग ना स्पॉयलर, ना ऑटोब्रेक, कारण ऑटोब्रेक स्पॉयलर उघडल्यावरच सुरू होतो: लो असेल तर ४ सेकंदांनी, मीडियम असेल तर २. कॅलिब्रेशनमध्ये खालच्या टोकाला थोडा डेडझोन दिला की प्रकरण मिटतं.

एकाच मॉनिटरवर उडवणाऱ्यांची खरी अडचण नजरेची आहे. वैमानिकाला धावपट्टीच्या कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून वर येताना दिसतात, आपल्याकडे ते कोपरेच नाहीत. कॅमेरा थोडा झूम आउट केला आणि ५० फुटांनंतर नजर एमिंग पॉइंटवरून काढून धावपट्टीच्या पार टोकाला नेली, तेव्हा टेकण्याच्या जागा एकमेकींच्या जवळ यायला लागल्या. फ्लेअरचा वक्र बदलून जे जमलं नव्हतं ते याने जमलं.

तुलनेसाठी एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिममध्ये झिबो या नावाचं ७३७-८०० घेतलं. तिथे सगळा खेळ हाताचा आहे. इंजिनं पंखांखाली, त्यामुळे पॉवर काढली की नाक पडतं. २० फुटांच्या आसपास दोन-तीन अंश नाक वर, आणि थ्रॉटल असा सावकाश मागे की आयडल आणि मागची चाकं टेकणं एकदम. पॉवर झटक्यात काढली तर ओढावं लागणारं योक (स्टिअरिंगसारखं हँडल) दुप्पट वाटतं. ए३२० नंतर दोन-चार लँडिंग दणकून होतातच, पण टेकतं मात्र जागेवर.

आता वारा सुरू करतोय: २४० अंशांवरून २० नॉट. २७ वर त्याचा आडवा भाग १० नॉट होतो, पावसाळ्यातल्या मुंबईला हे नेहमीचंच. सोबत ओली धावपट्टी. २०० पीएसआयच्या टायरला हायड्रोप्लेनिंगचा (टायर पाण्याच्या थरावर तरंगण्याचा) ढोबळ वेग १२७ नॉट निघतो, म्हणजे आपण टेकतो त्याच्या अगदी आसपास. म्हणून ओल्यात ठाम टेकवायचं, पाण्याचा थर फोडायचा. नाक सरळ करताना रडर (शेपटीवरचं सुकाणू) किती आणि कधी, हे अजून हातात बसलेलं नाही. एका सिममध्ये चाकं टेकताच विमान बाजूला हिसका देतं, दुसऱ्यात जमिनीला चिकटल्यासारखं सरळ होतं. दोन्हीकडे रडरचा वक्र (पेडल किती दाबलं की रडर किती वळतो) सारखा ठेवून तपासतोय.