तुम्ही विचारलंत म्हणून: जोडीतले स्पिन पाहिले कोणी?

सुपरकंडक्टरवर, म्हणजे खूप थंड केल्यावर वीज कसल्याही विरोधाविना वाहू देणाऱ्या पदार्थावर, बोललो की व्याख्यानानंतर एक प्रश्न हमखास येतो. ‘थंड केलेल्या धातूत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, जोडीतला एक स्पिन वर, दुसरा खाली, असं तुम्ही छातीठोकपणे सांगता. पण आत डोकावून पाहिलं कोणी?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सांगायला मला मनापासून आवडतं.

स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाचा फिरकीसारखा अंगभूत गुण. त्यामुळे इलेक्ट्रॉन हा इवलासा चुंबकच असतो. मग बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून त्याचा प्रतिसाद मोजावा, असं कुणालाही वाटेल. पण सुपरकंडक्टर ते क्षेत्रच बाहेर ढकलतो, आणि तो परिणाम एवढा मोठा असतो की स्पिनचा वाटा त्यात हरवून जातो. त्यामुळे साक्षीदार आतलाच लागतो, तो म्हणजे अणुकेंद्रक. एमआरआय ज्या तत्त्वावर चालतं त्याच एनएमआरमध्ये रेडिओलहरींचा झटका देऊन केंद्रकाची वारंवारता मोजतात. भोवतालच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन जरासे क्षेत्राकडे झुकले तरी ती किंचित सरकते. याला नाइट (Knight) शिफ्ट म्हणतात. जोडीतले स्पिन उलटसुलट असतील, तर तापमान निरपेक्ष शून्याकडे जाताना स्पिनमुळे होणारं हे सरकणं ओसरत जायला हवं. १९५८ साली भौतिकशास्त्रज्ञ योसिदा यांनी हे गणित मांडलं, आणि अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूत तसं दिसतंही.

खरी गंमत स्ट्रॉन्शियम रुथेनेटची, म्हणजे स्ट्रॉन्शियम, रुथेनियम आणि ऑक्सिजन यांच्या थराथरांच्या संयुगाची. योशितेरू माएनो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्यात सुपरकंडक्टिव्हिटी शोधली. शुद्ध स्फटिकात ती सुमारे १.५ केल्विनखाली, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून जेमतेम दीड अंशाच्या आत, येते. राइस आणि सिग्रिस्ट यांनी लगेचच सुचवलं की इथल्या जोड्या द्रवरूप हेलियम-३ मधल्यासारख्या, म्हणजे समांतर स्पिनच्या असाव्यात. तपासायचं कसं? नेहमीच्या ऑक्सिजन-१६ च्या केंद्रकाला स्पिनच नसतो, तो एनएमआरला दिसत नाही. म्हणून स्फटिकात ऑक्सिजन-१७ मुद्दाम मुरवावा लागतो. १९९८ मध्ये इशिदा आणि सहकाऱ्यांनी हे सगळं केलं, आणि थंड करूनही नाइट शिफ्ट ओसरली नाही, जागची हललीच नाही. जोड्या समांतर स्पिनच्या, असा निष्कर्ष निघाला. पुढची वीस वर्षं तो पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणासारखा वापरला गेला.

एक गोष्ट मात्र सलत होती. जोडीतले स्पिन उलटसुलट असतील तर जोरदार क्षेत्र त्यांना ओढून जोडी फोडतं. समांतर असतील तर त्याला हे जमू नये. तरीही हा पदार्थ थरांना समांतर अशा सुमारे १.५ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रातच हार मानत होता, अपेक्षेपेक्षा बराच आधी. माझ्या मते या खुणेकडे जास्त गांभीर्यानं पाहायला हवं होतं.

२०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आंद्रेय पुस्तोगोव, स्टुअर्ट ब्राउन आणि सहकाऱ्यांनी तेच मापन पुन्हा केलं, पण रेडिओ झटक्याची ऊर्जा कमी-कमी करत नेली. झटका सौम्य होताच नाइट शिफ्ट खाली आली! म्हणजे समांतर स्पिनचा निष्कर्षच डळमळला. या स्फटिकातून वीज फार सहज वाहते, त्यामुळे झटक्यानं त्यात भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात आणि मोजण्याच्या नेमक्या क्षणी तो तापून साधा धातू होतो. ताप मोजायला लावलेल्या थर्मामीटरनंच अंग तापवावं, तसं. शेजारचा तापमापक बिचारा थंडच दाखवत राहतो.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. इशिदा आणि माएनो यांच्या गटानं सौम्य झटक्यांनी स्वतः मापन केलं, घट खरी असल्याचं पाहिलं आणि ते प्रसिद्ध केलं. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला छेद देणारा आलेख छापायला मोठं मन लागतं.

तेव्हा उत्तर असं: हो, आत पाहिलं जातं, केंद्रकांच्या डोळ्यांनी, आणि किती हळुवार पाहतो यावर बरंच ठरतं. रुथेनेटमधल्या जोड्यांचं नेमकं रूप अजून वादात आहे, कारण म्यूऑन या इलेक्ट्रॉनासारख्या पण जड कणांच्या प्रयोगांत दिसलेल्या अंतर्गत चुंबकत्वाचा उलगडा व्हायचा आहे. समांतर स्पिनची आशा सध्या युरेनियम डायटेल्युराइड या दुसऱ्या सुपरकंडक्टरवर आहे. सुरुवातीच्या स्फटिकांत त्याची सुपरकंडक्टिव्हिटी जेमतेम १.६ केल्विनला सुरू झाली होती. उलटसुलट जोड्या एरवी साधारण ३ टेस्लाला फुटाव्यात, पण एका विशिष्ट दिशेनं लावलेल्या क्षेत्रात इथली सुपरकंडक्टिव्हिटी ३५ टेस्लापर्यंत टिकते.